कोळसा खणा, संगणक येताहेत!

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

गेल्या उन्हाळ्यात ऐरोलीला भाच्याकडे गेलो होतो. तिथल्या एका डेटा सेंटरमध्ये वीज आणि वातानुकूलनाची देखभाल करणाऱ्या पथकात तो काम करतो. आत जायची परवानगी अर्थातच नव्हती. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर उभं राहून त्यानं मला इमारत दाखवली. खिडक्या जवळजवळ नाहीतच. गच्चीवर थंडाव्याची यंत्रं, बाजूला ओळीनं मांडलेले डिझेल जनरेटर आणि सतत चाललेली एक घरघर. "मामू, तुमच्या कविताही असतील इथं कुठंतरी," तो म्हणाला. हल्ली मी मोबाइलवर लिहितो आणि लिहिलेलं आपोआप कुठंतरी जमा होतं, एवढंच मला ठाऊक. मी विचारलं, "बेटा, एवढी वीज येते कुठून?" तो म्हणाला, "सबस्टेशनमधून."

उत्तर चूक नव्हतं. पण मी चंद्रपूरचा. तिथं वाढलेल्या माणसाचं एवढ्यावर समाधान होत नाही. १९८३ साली आमच्याकडच्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होतो. छतावर चढलं की चिमणी दिसायची. कोळशाच्या मालगाड्यांचे डबे मोजणं हा आम्हा पोरांचा उद्योग होता. आपल्या गावची वीज मुंबईला जाते, याचा आम्हाला कोण अभिमान! पुढं १९९९ मध्ये चंद्रपूरहून थेट भिवंडी तालुक्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वीजवाहिनी सुरू झाली. पाचशे किलोव्होल्टची, एकदिश प्रवाहाची, पंधराशे मेगावॉट वाहून नेणारी. ही वाहिनी पूर्ण भरून चालवायची, तर चंद्रपूरच्या बाजूला तासाला सुमारे हजार टन कोळसा जाळावा लागेल.

त्याच १९९९ सालातली एक गोष्ट सांगायची आहे. ती अमेरिकेतली आहे, पण तिचं टोक पडघ्यापर्यंत येतं.

त्या वर्षी ३१ मे रोजी 'फोर्ब्स' या प्रसिद्ध व्यापारी नियतकालिकात पीटर ह्यूबर आणि मार्क मिल्स यांचा लेख आला. मथळ्याचा अर्थ असा, की आणखी कोळसा खणा, संगणक येताहेत. तोवर इंटरनेट म्हणजे धूर नसलेला उद्योग, अशीच सगळ्यांची समजूत होती. कागद वाचेल, प्रवास वाचेल, कारखान्यांची जागा माहिती घेईल, असं बोललं जात होतं. या दोघांनी उलटा सूर लावला. दोन मेगाबाइट माहिती तयार करायला, साठवायला आणि पोचवायला साधारण एक पौंड कोळसा लागतो, असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकेची आठ टक्के वीज इंटरनेट आताच खातं आणि दहा वर्षांत निम्मी वीज संगणकांच्या या नव्या अर्थव्यवस्थेकडे जाईल, असंही त्यांनी लिहिलं.

या आकड्यांना पाय फुटले. शेअर बाजारातले सल्लागार ते सांगू लागले, राजकारणी भाषणांत वापरू लागले. २०००-०१ मध्ये कॅलिफोर्नियात विजेची भीषण टंचाई झाली, तेव्हा इंटरनेटकडे बोट दाखवणारेही निघाले. मिल्स यांचा मूळ अहवाल कोळसा उद्योगाशी जोडलेल्या एका संस्थेसाठी लिहिलेला होता, याकडे त्या गदारोळात फार थोड्यांचं लक्ष गेलं.

कॅलिफोर्नियातल्याच लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत जोनाथन कूमी हे संशोधक आणि त्यांचे सहकारी होते. त्यांनी शांतपणे मोजणी केली. कचेऱ्यांतले संगणक, छपाईयंत्रं, नेटवर्कची सामग्री, दूरध्वनी केंद्रं, इतकंच काय, ही यंत्रं बनवण्याचे कारखानेसुद्धा धरले. सगळं मिळून अमेरिकेच्या विजेतला हिस्सा भरला सुमारे तीन टक्के. 'फोर्ब्स'मधला हिशेब कोसळला. आज मागं वळून पाहिलं तर तो हास्यास्पदच वाटतो. दोन मेगाबाइटला एक पौंड हे खरं असतं, तर एक गिगाबाइटचा सिनेमा बघायला सव्वादोनशे किलो कोळसा लागला असता. आपल्याकडे मुलं कॉलेजला जाता जाता एवढं बघून टाकतात.

हे प्रकरण इथं संपायला हवं होतं. पण चुकीची भीती खोटी ठरली, की माणसं उलट्या टोकाला जातात. इंटरनेट निम्मी वीज खात नाही म्हणजे ते काहीच खात नाही, असं लोकांनी मनात धरलं. पुढं साठवणुकीच्या या व्यवस्थेला 'क्लाउड' असं नाव पडलं. ढग! नाव ठेवणाऱ्याचं मला कवी म्हणून कौतुक वाटतं. ढगाला ना चिमणी, ना वीजबिल.

यंत्रं कमी विजेत जास्त काम करू लागली, तर एकूण वीज वाचते का? हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अवघ्या एकोणतीस वर्षांच्या अर्थशास्त्रज्ञानं कोळशाच्या प्रश्नावर पुस्तक लिहिलं. सुधारलेली वाफयंत्रं कमी कोळसा खातात, म्हणून देशाचा कोळसा पुरेल, असं तेव्हाचे शहाणे म्हणत. जेव्हन्सनं स्कॉटलंडच्या लोखंडाच्या भट्ट्यांकडे बोट दाखवलं. एक टन लोखंडामागचा कोळसा एक तृतीयांशाहूनही खाली आला होता, आणि १८३० ते १८६३ या काळात एकूण कोळशाचा खप दसपट झाला होता. लोखंड स्वस्त झालं, तसं ते जिथं आधी परवडत नव्हतं तिथंही वापरलं जाऊ लागलं. जेम्स वॉटचं यंत्र न्यूकोमेनच्या यंत्रापेक्षा काटकसरी होतं, आणि म्हणूनच ते खाणीच्या तोंडावरून उठून गावोगावच्या गिरण्यांत शिरलं.

जेव्हन्सचंही भाकीत चुकलंच. ब्रिटनचा कोळसा संपला नाही, ब्रिटननंच तो सोडला. तिथलं शेवटचं कोळशावरचं वीज केंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. पण त्यानं जे पाहिलं होतं ते खरं होतं.

आता हेच संगणकाला लावून बघा. १९४६ साली फिलाडेल्फियात लोकांपुढं आलेल्या 'एनिअॅक' या संगणकात सुमारे अठरा हजार व्हॉल्व्ह होते आणि तो दीडशे किलोवॉट वीज ओढायचा. करायचा काय, तर सेकंदाला पाच हजार बेरजा. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बनवलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये रीतसर कामाला लागला, तोही व्हॉल्व्हचाच. याच कूमी यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की तेवढ्याच विजेत होणारी आकडेमोड दर दीड वर्षाच्या आसपास दुप्पट होत आली आहे, आणि हे व्हॉल्व्हच्या काळापासून चाललं आहे. काटकसरीचा असा विक्रम दुसऱ्या कुठल्याही यंत्रानं केलेला नाही. मोटारगाडीनं हे केलं असतं, तर चमचाभर पेट्रोलमध्ये जगप्रदक्षिणा झाली असती. पण एनिअॅक एकच होता, आणि खिशातले फोन अब्जावधी आहेत.

तरीही जेव्हन्सचा नियम डोळे मिटून लावू नये. मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली. २००० ते २००५ या पाच वर्षांत अमेरिकेतल्या डेटा सेंटरांचा वीजवापर दुप्पट झाला. २००७ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं संसदेला अहवाल दिला, की असंच चाललं तर पुढच्या पाच वर्षांत तो पुन्हा दुप्पट होईल. तसं झालं नाही. मंदी आली हे एक कारण. दुसरं म्हणजे या धंद्यानं आपलं घर आवरलं. तोवर एकेका कंपनीच्या तळघरात, जिन्याखाली, कपाटात सर्व्हर कोंबलेले असत आणि त्यांतले कितीतरी नुसते गरम होत बसलेले असत. हिशेबाला एक युनिट खर्च केलं, तर थंडाव्यासारख्या वरखर्चाला आणखी एक युनिट, असं तेव्हाचं सर्वसाधारण प्रमाण होतं. मग एका यंत्रात दहा यंत्रांचं काम भरायची युक्ती रुळली, कपाटांतले सर्व्हर मोठ्या दालनांत गेले, थंड हवा आणि गरम हवा वेगळी ठेवायला लोक शिकले. २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात एरिक मासानेट, कूमी आणि इतरांनी जगाचा हिशेब मांडला. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत डेटा सेंटरांचं काम साडेपाचशे टक्क्यांनी वाढलं होतं आणि वीज वाढली होती फक्त सहा टक्के. जगाच्या विजेतला त्यांचा हिस्सा होता सुमारे एक टक्का.

हा काळ मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्ही बाजूंचे लोक त्याचा सोयीनं वापर करतात. एक म्हणतो, बघा, तंत्रज्ञान सगळं निभावून नेतं. दुसरा तो काळ सांगतच नाही. माझं मत असं, की ती काटकसर खरी होती, पण तिचा मोठा भाग एकदाच मिळण्यासारखा होता. घरातली अडगळ एकदा निघते. तळघरातला सर्व्हर एकदाच मोठ्या दालनात हलवता येतो. थंडाव्याचा वरखर्च शंभरावरून दहावर आणता येतो, शून्याच्या खाली नाही.

आणि झालंही तसंच. २०१८ नंतर आलेख पुन्हा चढू लागला. घरोघरी चित्रफिती, मग २०२० ची टाळेबंदी, मग २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट. बर्कलीच्या त्याच प्रयोगशाळेनं डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की अमेरिकेतल्या डेटा सेंटरांनी २०१४ मध्ये ५८ अब्ज युनिट वीज वापरली होती, २०२३ मध्ये ती १७६ अब्जांवर गेली. देशाच्या विजेच्या ४.४ टक्के. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगभरचा आकडा २०२४ मध्ये सुमारे ४१५ अब्ज युनिट होता, आणि २०३० पर्यंत तो ९४५ अब्जांच्या आसपास जाईल असा अंदाज आहे. अख्खा जपान आज वापरतो त्याहून किंचित जास्त.

जगाच्या सरासरीत हे दीड टक्का दिसतं, पण डेटा सेंटर सरासरीत उभी राहत नाहीत, एखाद्या गावाशेजारी उभी राहतात. आयर्लंड हा पन्नास-पंचावन्न लाखांचा देश. तिथं मोठमोठ्या अमेरिकी कंपन्यांनी डब्लिनभोवती केंद्रं थाटली. २०१५ मध्ये देशाच्या मोजलेल्या विजेपैकी पाच टक्के वीज त्यांना लागे, २०२३ मध्ये एकवीस टक्के. त्या वर्षी तिथल्या शहरांतली सगळी घरं मिळून यापेक्षा कमी वीज वापरत होती. डब्लिनच्या पट्ट्यात नव्या केंद्रांना जोडणी देणं वीजवाहिन्यांच्या कंपनीला जवळजवळ थांबवावं लागलं. हे आपल्याला कळलं, कारण तिथली सांख्यिकी कचेरी डेटा सेंटरांची वीज वेगळी मोजते आणि जाहीर करते. तशी वेगळी मोजणी आपल्याकडेही व्हावी, असं मला फार वाटतं.

आपल्याकडे हा इतिहास थोडा वेगळ्या वाटेनं आला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमनं सामान्य माणसाला इंटरनेट दिलं. पण गावात ते पोचलं मोबाइलच्या मनोऱ्यांवरून, आणि गावात वीज कुठं होती? २०११ च्या सुमाराला देशातले मनोरे वर्षाला सुमारे दोनशे कोटी लिटर डिझेल जाळतात, असा अंदाज दूरसंचार नियामकाच्या कागदपत्रांत होता. एखाद्या खेड्यात रात्री सगळीकडे अंधार आणि फक्त मनोऱ्याखाली जनरेटरची धडधड, हे दृश्य तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. जानेवारी २०१२ मध्ये सरकारनं मनोऱ्यांना सौर किंवा तत्सम ऊर्जेची जोड द्या असा आदेश काढला. गावोगाव वीज आली, तसं डिझेल पुष्कळ कमी झालं.

मग आलं २०१६. स्वस्त डेटा, नोटाबंदी आणि यूपीआय, सगळं एकाच वर्षात. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आदेश दिला, की पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवली पाहिजे. आता साठवायची तर इमारती हव्यात. समुद्राखालच्या केबली ज्या थोड्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात त्यात मुंबई पहिली, शेअर बाजार आणि बँका मुंबईत, म्हणून डेटा सेंटरही मुंबई, ठाणे, ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात. आज देशातली जवळपास निम्मी क्षमता इथं आहे. हाही इतिहास जुनाच आहे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानं सुएझच्या बाजूची तारेची केबल टाकली तीही मुंबईपासूनच.

आणि मुंबईची वीज दुसऱ्याच्या गावात तयार होते, हेही जुनंच. १९१५ साली खोपोलीहून गिरण्यांना वीज आली. १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो याच विजेपायी. ती वीज निदान पाण्याची होती. आज भारतात बनणाऱ्या विजेचा जवळपास तीन चतुर्थांश भाग कोळशाचा आहे, आणि सगळ्या स्रोतांची सरासरी काढली तर एका युनिटमागं सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शंभर मेगावॉटचं एक डेटा सेंटर पूर्ण भारावर चाललं, तर दिवसाला चोवीस लाख युनिट. गुणाकार तुम्हीच करा. दिवसाकाठी सतराशे टनांच्या आसपास येईल.

यावर दोन उत्तरं मिळतात. पहिलं असं, की डिजिटल व्यवहारांनी वाचतंही पुष्कळ. ते खरंच आहे. पूर्वी मनीऑर्डर करायला पोस्टात अर्धा दिवस जायचा, आता बहिणीला पैसे पाठवायला अर्धं मिनिट. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. त्यातल्या एकेका व्यवहाराची वीज नगण्य, आणि त्यासाठी लोक बसनं बँकेत गेले असते तर धूर कितीतरी जास्त झाला असता. भाजीवाल्याच्या क्यूआर कोडला कुणी गुन्हेगार ठरवू नये. पण वाचलेल्या अर्ध्या दिवसात आपण काय करतो? चित्रफिती बघतो, दोन वर्षांनी नवा फोन घेतो, आणि फोनच्या एकूण उत्सर्जनातला मोठा भाग तर तो कारखान्यात बनतानाच होऊन गेलेला असतो. जेव्हन्स इथं भेटतो.

दुसरं उत्तर कंपन्यांचं. आम्ही वर्षाला जेवढी वीज वापरतो तेवढी सौर आणि पवनऊर्जा विकत घेतो, असं त्या सांगतात. यात काही खोटं नाही. त्यांच्यामुळं बरेच सौर प्रकल्प उभे राहिले, हे मान्यच करायला हवं. पण वर्षाचा हिशेब जुळणं वेगळं आणि रात्री दोन वाजता वीज कशाची हे वेगळं. डेटा सेंटर रात्री झोपत नाही. २०२५ च्या मध्यात भारताच्या उभारलेल्या वीजक्षमतेपैकी निम्मी कोळसा-वायूखेरीजची झाली, ही मोठी गोष्ट आहे. मात्र सौर पॅनल दिवसातले काही तासच चालतं, रात्रीचा भार कोळशावरच येतो, जोवर साठवणुकीच्या बॅटऱ्या आणि उदंचन प्रकल्प पुरेसे होत नाहीत तोवर. खुद्द कंपन्यांचे अहवालही हेच सांगतात. गूगलचं उत्सर्जन २०१९ ते २०२३ या काळात अठ्ठेचाळीस टक्क्यांनी वाढलं, मायक्रोसॉफ्टचं २०२० पासून २०२३ पर्यंत एकोणतीस टक्क्यांनी. या दोन्ही कंपन्यांनी ते शून्यावर आणायचं वचन दिलेलं आहे.

विजेवर गावाचं नाव लिहिलेलं नसतं. ऐरोलीच्या एखाद्या सर्व्हरमधलं अमुक युनिट चंद्रपूरचंच, असं कुणी सांगू शकणार नाही; जाळ्यात सगळी वीज एक होते. पण चंद्रपूरची राख, धूर आणि उष्मा यावर गावाचं नाव आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ साली देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर चौथं आलं होतं. त्या केंद्रातले जुने दोन संच बंद झाले, पाचशे मेगावॉटचे दोन नवे २०१६ मध्ये आले, आणि आज त्याची क्षमता २९२० मेगावॉट आहे.

भाच्याला मी हे सगळं चहा थंड होईपर्यंत ऐकवलं. त्यानं मध्येच विचारलं, "मामू, पडघा म्हणजे आपल्या नाशिकच्या रस्त्यावरचं?" मी म्हटलं, तेच. त्याला हे माहीत नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला, नकाशा उघडला आणि पडघ्यापासून बोटानं पूर्वेकडे सरकत सरकत ती वाहिनी शोधू लागला.